बोळा

तीन आठवडे माझा फोन बत्त्याखाली चार्ज होत होता. बत्ता म्हणजे खलबत्त्यातला. पिन फोनला लावायची, फोन ओट्याच्या कडेला जरा उजवीकडे कलता ठेवायचा, पिनेच्या बरोबर मानेवर वजन पडेल असा बत्ता आडवा टेकवायचा आणि श्वास रोखून बघायचं. पडद्यावर वीज चमकली की हळूच श्वास सोडायचा. जोरात सोडला की वीज गेलीच. घरातल्या माणसांनाही वळण लागलं होतं. ओट्याजवळून जाताना सगळे देवघरासमोरून गेल्यासारखे पावलं न वाजवता जायचे. फक्त सकाळी बायको म्हणायची, "तुझा चार्जर दे जरा, आलं ठेचायचंय." त्यामुळे चहा झकास व्हायचा आणि मी १४ टक्क्यांवर ऑफिसला निघायचो.

या काळात मला फुकट सल्ला न देणारा माणूस भेटला नाही. मेहुणा म्हणाला, वायरलेस घे. घेतला. चौदाशे रुपये. त्यावर फोन ठेवला की फोन कमी आणि चार्जरच जास्त तापायचा. रात्री मांजर येऊन त्यावर बसायची, ती मात्र पूर्ण चार्ज होऊन उठायची. भाचा म्हणाला, तांदळात ठेव. म्हटलं, अरे भिजला नाहीये तो! तर म्हणे, ठेवून बघायला काय जातं. फोन तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जाऊन बिघडेल, असं खुद्द अ‍ॅपलनं लिहून ठेवलंय. पण आपल्याकडे फोनची तब्येत बिघडली की पहिला पथ्यभातच.

ऑफिसातल्या एकानं विचारलं, "शंभर टक्के चार्ज करतोस का? मग जाणारच ना! वीस ते ऐंशीमध्येच ठेवायचं." त्यात तथ्य आहे, हे मला चिडूनही कबूल करावं लागतं. लिथियमची बॅटरी काठोकाठ भरून गरम जागी ठेवली की लवकर थकते, आणि हल्ली बऱ्याच फोनांत ऐंशीला थांबायची सोयही असते. पण हिशेब बघा. थाळीचे पूर्ण पैसे भरायचे आणि जेवायचं मधलं साठ टक्के. सुरुवातीचं वरण खाल्लं तर ताट झिजतं, शेवटचा भात खाल्ला तर ताट झिजतं. फोनचा पुरेपूर वापर करण्याचा मार्ग म्हणजे तो पुरेपूर न वापरणं, हे ज्ञान मला बत्ता हातात असताना मिळालं.

मग अधिकृत सेवा केंद्रात गेलो. तिथे टोकन, वातानुकूलित हवा आणि टाय लावलेला मुलगा. त्यानं फोन हातात घेतला, भोकाकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि संगणकात काहीतरी टाइप करून म्हणाला, "सर, चार्जिंगचा बोर्ड बदलावा लागेल. मदरबोर्डही असू शकतो. खोलल्यावर कळेल. चार हजार सहाशेपासून पुढे. डेटाची जबाबदारी आमची नाही. इथे सही करा, आणि पासवर्ड इथे लिहा." मी सही केली नाही. मला अक्कल आली होती म्हणून नव्हे. मुलीच्या पहिलीपासूनचे फोटो त्यात होते आणि ते दुसरीकडे ठेवायचे आहेत हे मी तीन वर्षं म्हणत होतो.

शेवटी पुण्यातली तापकीर गल्ली. बुधवार पेठेत कुठलंही यंत्र दुरुस्त होतं अशी माझी श्रद्धा आहे, फक्त गाडी लावायला जागा मिळाली पाहिजे. सम तारखेला रस्त्याची एक बाजू, विषमला दुसरी. आज तारीख कोणती हे मला फोन बघितल्याशिवाय कळत नाही, आणि फोन मान टाकून होता. चहावाल्याला विचारून गाडी लावली.

दुकान म्हणजे काचेचा एक काउंटर, त्यामागे एका कानात इयरफोन घातलेला विशीतला मुलगा आणि पुढे दोन स्टुलं. एक रिकामं. दुसऱ्यावर पांढऱ्या बुशशर्टातले एक गृहस्थ, खिशाला दोन पेनं, मांडीवर कापडी पिशवी.

"काय झालंय?"

हे मुलानं विचारलं नाही. गृहस्थांनी विचारलं.

"चार्ज होत नाहीये," मी मुलाला म्हणालो.

"अजिबात होत नाही, का थांबून थांबून होतो?" पुन्हा गृहस्थच.

"थांबून थांबून."

"मग होत नाही असं का म्हणालात? तक्रार नीट नोंदवावी माणसानं. बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली मी. १९८ला, म्हणजे तक्रारीच्या नंबरला, फोन करून लोक सांगायचे, आमचा फोन बंद आहे. कुठून बोलताय? तर म्हणे, घरून, त्याच फोनवरून."

मुलगा हसला. मी हसलो नाही. मुलानं फोन घेतला, पिन लावली, ती सैल हलली. "काका, पिन पूर्ण आत जात नाहीये," तो म्हणाला. मी आणि ते गृहस्थ, दोघांनी एकदमच "हं?" केलं. मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे. ते पंचाहत्तरच्या घरातले असावेत. मुलाच्या लेखी आम्ही दोघेही काकाच, एकाच बॅचचे.

टेलिफोनकाकांनी पिशवीतून प्लास्टिकची पिशवी काढली, त्यातून चष्म्याचं घर, आणि ते उघडून आतला फोन माझ्या नाकासमोर धरला. "सहा वर्षं झाली. एक ओरखडा दाखवा." चष्मा कुठे ठेवता हे विचारायची गरज नव्हती, तो कपाळावर होता.

"आमच्या डब्बा फोनला चार्जर होता का?" त्यांनी मला तोंडी परीक्षेसारखं विचारलं. "नव्हता. का नव्हता?"

मला उत्तर येत होतं. पण कुठल्या तरी हट्टानं मी गप्प बसलो.

"एक्सचेंजमधून ४८ व्होल्ट यायचे तारेवरून. अख्ख्या पेठेची वीज गेली तरी फोन चालू. पोर्ट नाही, पिन नाही, पॉवर बँक नाही. लोक आठ-आठ वर्षं नंबर लागायची वाट बघायचे, पण एकदा लागला की वीस वर्षं बघायला नको."

लागायचा कुठे, असं माझ्या ओठांवर आलं होतं. आमच्याकडचा फोन पावसाळ्यात चार महिने मौन पाळायचा, आणि दुरुस्तीला आलेला लाइनमन चहा पिऊन "केबल फॉल्ट" एवढे दोनच शब्द बोलायचा. तो यांच्याच हाताखालचा असणार. पण माझा फोन काउंटरच्या पलीकडे होता; वाकड्यात कसा शिरू?

"फोन कुठल्या खिशात ठेवता?"

"पँटच्या."

"डाव्या का उजव्या?"

"उजव्या."

"आणि रुमाल?"

मी जरा थांबलो. "उजव्याच."

"हां!" ते मुलाकडे वळले. कबुलीजबाब मिळाल्यावर फौजदार हवालदाराकडे वळतो तसे. "बघ रे. भोक बघ. टॉर्च मार."

मुलानं टॉर्च मारला, एक डोळा मिटून पाहिलं आणि ड्रॉवरमधून बारीक सुई काढली.

"ए! लोखंड नाही! आत मधोमध पातळ जीभ असते, ती मोडशील. फोन बंद कर आधी. लाकूड घे."

हे बरोबर होतं, आणि तेच मला जास्त लागलं. मुलानं मुकाट्यानं फोन बंद केला आणि बडीशेपेच्या डब्याशेजारचं दातकोरणं घेतलं.

आता मी माझी बाजू सांगतो. टाइप-सीच्या त्या भोकात २४ संपर्क असतात, जिभेच्या वर बारा आणि खाली बारा, म्हणून पिन उलटसुलट कशीही बसते, हे मला माहीत होतं. युरोपनं डिसेंबर २०२४पासून नव्या फोनांना हेच भोक सक्तीचं केलं, हेही माहीत होतं. मेहुण्याला मी ते एका मुंजीत पंगत उठेपर्यंत समजावलं होतं. खिशातला कापूस त्याच भोकात शिरतो, आपण रोज पिन घालताना त्याला ठासून तळाशी बसवतो, त्याचा नमदा होतो, आणि मग पिन टोकापर्यंत पोचत नाही, एवढंच माहीत नव्हतं. ते कुठल्या सेमिस्टरला नव्हतं.

दातकोरणं आत गेलं, कोपऱ्यातून फिरलं, आणि बाहेर येऊ लागला तो बोळा. थांबेचना. आधी राखाडी, मग जीन्सचा निळा, मग धुतलेल्या पावतीचा पांढरा लगदा. दुकानासमोरून चाललेला एक कुरिअरवाला थांबला. फुटलेली काच बदलायला आलेली कॉलेजची मुलगी स्वतःचं दुःख विसरून पुढे वाकली. मुलानं सगळा ऐवज काउंटरच्या काचेवर मांडला. शेवटी टुपकन बडीशेपेचा अर्धा दाणा पडला.

"जेवण झाल्यावर ठेवला असणार," टेलिफोनकाका म्हणाले. "एवढ्यात बाहुलीची गादी होईल. काय करता आपण?"

"नोकरी."

"कशात?"

"कंपनीत."

"शिक्षण?"

माझ्या आयुष्यात असा क्षण येईल असं मला शिकताना कोणी सांगितलं असतं, तर मी कॉमर्सला गेलो असतो.

"इंजिनिअर."

"कशातले?"

कुरिअरवाला अजून उभाच होता. त्याच्या पार्सलांची कोणी तरी वाट बघत असेल, पण नाही.

"इलेक्ट्रॉनिक्स," मी म्हणालो.

काका काही बोलले नाहीत. खात्यातल्या बत्तीस वर्षांत त्यांनी बऱ्याच केबल फॉल्ट पाहिल्या असतील, पण ते नुसते त्या बोळ्याकडे पाहत राहिले. मग चष्मा कपाळावरून नाकावर आणला, स्वतःचा फोन काढला आणि फ्लॅश मारून बोळ्याचा फोटो काढला. एक जवळून, एक लांबून.

मुलानं फोन चालू केला, पिन लावली. टक्. तो आवाज मी तीन आठवडे ऐकला नव्हता. वीज चमकली आणि मी जोरात श्वास सोडला तरी चमकतच राहिली.

"किती झाले?"

"राहू द्या काका. याचे काय पैसे घ्यायचे."

आणि इथे मला राग आला, खरंच आला. मुलाचा नव्हे. बारा सेकंद, एक दातकोरणं, शून्य रुपये. आणि त्या थंडगार केंद्रातला टाय मला चार हजार सहाशेची सही मागत होता, भोकात न डोकावता. त्याच्या संगणकात 'डोकावणे' असा पर्यायच नसावा. पूर्वी फोन पडला की तीन तुकडे व्हायचे, झाकण कपाटाखाली, बॅटरी पायाशी, आपण नखानं सगळं परत बसवायचो आणि "हॅलो" म्हणायचो. आता बॅटरी आत चिकटवून टाकलेली. २०२० साली अ‍ॅपलनं खोक्यातून चार्जर काढला, कारण पर्यावरण; मग इतर कंपन्यांनाही पाठोपाठ पर्यावरणाचा उमाळा आला. मात्र धडधाकट बोर्ड बदलून फेकताना तो उमाळा नेमका रजेवर. मी फोन विकत घेतलाय की सांभाळायला घेतलाय, हे एकदा मला लेखी द्या.

असो. फुकट काम करून घेतल्याची लाज वाटली म्हणून मी मुलाला म्हणालो, काच लाव एक. दीडशेची. त्यानं लावली, वरच्या कोपऱ्यात एक बुडबुडा ठेवून. "जाईल तो दोन दिवसांत," म्हणाला. मी दुकानातला क्यूआर स्कॅन केला, रक्कम टाकली, पिन टाकला, चाक फिरू लागलं आणि फोन बंद पडला. दोन टक्के होते. त्या बोळ्याच्या नादात चार्जिंग लावून ठेवायचं कोणालाच सुचलं नाही.

पाकिटात वीस रुपये आणि सासऱ्यांनी दिलेला शिर्डीचा अंगारा.

टेलिफोनकाकांनी तोपर्यंत बटव्याची चेन उघडली होती. शंभराची एक आणि पन्नासाची एक, दोन्ही इस्त्री केल्यासारख्या. मी नको नको म्हणत होतो, पण काच चिकटवून झाली होती. "नंबर सांगा," ते म्हणाले. मी सांगितला. त्यांनी नाव विचारलं नाही. एकेका अक्षराचा मोठ्यानं उच्चार करत, माझ्यासमोर, त्यांनी तो सेव्ह केला: "का-पू-स इं-जि-नि-अर."

घरी येताच पहिलं काम म्हणजे दीडशे रुपये पाठवले. तेव्हापासून रोज पहाटे पाच चाळीसला सुप्रभात येतं, सोबत एक सूचना. मोबाइल उन्हात ठेवू नये. रुमाल डावीकडे ठेवावा. हेही एक वेळ सोसलं असतं.

आज सकाळी सासरच्या गटावर एक फोटो आला. काचेचा काउंटर, त्यावर राखाडी-निळा बोळा, बाजूला बडीशेप, कोपऱ्यात माझं हेल्मेट. वर दोन बाण आणि 'खूप वेळा फॉरवर्ड केलेला' असा शेरा. व्हॉट्सअ‍ॅप असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवू देतं, म्हणजे लोकांनी तो एकेक करून, कष्टानं पोचवला होता. खाली मजकूर: "पुण्यातील नामांकित आयटी कंपनीच्या इंजिनिअरच्या मोबाइलमधून पाव किलो कापूस निघाला. उशाशी फोन ठेवून झोपणाऱ्यांच्या कानातही असाच कापूस साठतो, तज्ज्ञांचा इशारा."

त्याखाली सासऱ्यांनी लिहिलं होतं, "जावईबापू, हे तुमच्याच क्षेत्रातलं दिसतंय. जरा सविस्तर सांगा."

मी नुसते जोडलेले हात पाठवले. बायकोनं त्यावर हसून डोळ्यांतून पाणी आलेले सहा चेहरे टाकले, स्वयंपाकघरातून.

काचेवरचा बुडबुडा गेलेला नाही. आणि दीडशे रुपये मिळाल्याचं टेलिफोनकाकांनी अजून कळवलेलं नाही. निळ्या खुणा मात्र त्याच रात्री उमटल्यात.