ब्रेसेसच्या दुखण्यावरचे ‘सहा उपाय’: हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका

‘दातांना क्लिपा लावल्यावर दुखतंय? डॉक्टर कधीच सांगणार नाहीत असे सहा उपाय’ असा एक मेसेज सध्या पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय. आमच्याकडे तो ताईच्या मोबाईलवर आला, तिला तो खरा वाटला, आणि माझ्या भाचीची तार बदलून आणली त्याच रात्री त्यातला दुसरा उपाय तिच्यावर करून झाला. म्हणून हे लिहितेय, आणि मला राग आलाय.

मेसेजचं म्हणणं असं: एक, पेनकिलर अजिबात देऊ नका, दात सरकायचे थांबतात आणि हाडं ठिसूळ होतात. दोन, लवंगतेलात बुडवलेला कापसाचा बोळा रात्रभर हिरडीवर ठेवा, तेल नसेल तर ॲस्पिरिनची गोळी चुरून लावा. तीन, थंड पाणी पूर्ण बंद, थंडाने तार आकसते आणि दात जास्त ओढते. चार, आठवडाभर ब्रश नको. पाच, तार टोचली तर नेलकटरने कापा. सहा, जितकं जास्त दुखेल तितके दात लवकर सरळ होतील.

दुसऱ्यापासूनच सुरू करते. लवंगेत युजेनॉल असतं, त्याने थोडा बधिरपणा येतो आणि दाताचे डॉक्टरही ते वापरतात, हे मान्य. पण ते वापरतात झिंक ऑक्साइडमध्ये कालवून, किडलेल्या दातातली पोकळी तात्पुरती भरायला. तारेचं दुखणं तिथलं नसतंच मुळी. दाताच्या मुळाभोवती जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचं तंतूंचं आवरण असतं, त्याला पेरिओडॉन्टल लिगामेंट म्हणतात, तार दाताला ढकलते तेव्हा हे आवरण एका बाजूने हाडावर दाबलं जातं, तिथला रक्तपुरवठा कमी होतो, प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायनं सुटतात आणि ठणका लागतो. हे सगळं हिरडीच्या आत, हाडात चाललेलं असतं, वरून चोपडलेलं तेल तिथे जाऊन काय करणार? वर मात्र ते नक्की काहीतरी करतं. सकाळी भाचीच्या वरच्या हिरडीवर पांढरा पट्टा उमटला होता, बोट लागलं की साल सुटत होती, आणि आदल्या दिवशी फक्त चावताना दुखत होतं ते आता साधं पाणी पितानाही चरचरायला लागलं. डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, केमिकल बर्न. नुसतं, पातळ न केलेलं लवंगतेल तोंडाच्या नाजूक त्वचेला भाजतं. लहान मुलांच्या पोटात ते गेल्यावर लिव्हर निकामी होण्यापर्यंत गेलेल्या केसेसही नोंदलेल्या आहेत, त्यामुळे घरात धाकटी भावंडं असतील तर ती बाटली हाताशी ठेवूच नका.

ॲस्पिरिनचं तर विचारूच नका. तेही हिरडी तसंच भाजतं, कारण ते ॲसिडच आहे, आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना ॲस्पिरिन डॉक्टरांनी खास सांगितल्याशिवाय द्यायचंच नसतं, रे सिंड्रोम नावाचा मेंदू आणि लिव्हरचा गंभीर आजार होऊ शकतो म्हणून. ब्रेसेस लावलेली बहुतेक मुलं याच वयाची असतात, हे मेसेज लिहिणाऱ्याला सुचलंही नाही.

आता पेनकिलर. यात अर्धं खरं आहे, तेवढं कबूल करते. दात सरकायला जी प्रोस्टाग्लँडिन्स लागतात तीच आयबुप्रोफेनसारखी औषधं कमी करतात, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत अशी औषधं सतत दिल्यावर दातांची हालचाल मंदावलेली दिसली आहे. पण ‘सतत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तार बदलल्यावर एकदोन दिवस गरजेपुरती गोळी घेणं ही वेगळी गोष्ट, आणि पॅरासिटामॉलचा तर त्या रसायनांवर दाताजवळ फारसा परिणामच होत नाही, म्हणून बरेच ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात सरळ करणारे डॉक्टर, तीच सुचवतात. २०१७ साली कॉक्रेनने (उपचारांवरच्या चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) नेमक्या याच विषयावर रिव्ह्यू काढला, ब्रेसेसच्या दुखण्यावर औषधं चालतात का. ३२ चाचण्या, मिळून तीन हजारांवर रुग्ण. निष्कर्ष असा की वेदनाशामक गोळीने दुखणं खरोखर कमी होतं, दोन तासांनीही, सहा तासांनीही आणि चोवीस तासांनीही, आणि पॅरासिटामॉल विरुद्ध आयबुप्रोफेनच्या गटातली औषधं असा ठळक फरक सापडला नाही. हाडं ठिसूळ होण्याचं म्हणाल तर एकदोन दिवसांच्या पॅरासिटामॉलने असं होतं म्हणायला काहीही आधार नाही, ते निव्वळ घाबरवणं आहे. डोस मात्र मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांना विचारूनच, मोठ्यांची घरात पडलेली गोळी अर्धी करून नाही. निमेसुलाइड ही पेनकिलर तर बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्याकडे २०११ पासून बंदीच आहे.

थंड पाण्याचं वाचून तर मी कपाळावर हात मारला, कारण खरं नेमकं उलटं आहे. सुरुवातीला बहुतेकदा जी बारीक तार घालतात ती निकेल-टायटॅनियमची असते. हा मिश्रधातू अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडला, आणि गार झाला की तो मऊ पडतो, तोंडातल्या उबेने पुन्हा ताठ होऊन मूळ आकाराकडे ओढायला लागतो. म्हणजे गार पाण्याचा घोट तोंडात धरला की तारेचा जोर तेवढ्यापुरता उतरतो. स्टीलची तार असेल तर घोटभर गार पाण्याने ती किती आकसणार, काहीच नाही. तेव्हा गार ताक द्या, आइस्क्रीम द्या, गुरगुट्या भात किंवा मऊ खिचडी कोमट करून द्या. गाल आतून सोलला असेल तर कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या बऱ्या.

ब्रश बंद करायला सांगणं हा शुद्ध मूर्खपणा. ब्रॅकेटच्या, म्हणजे तार अडकवायला दातावर चिकटवलेल्या तुकड्याच्या, कडेला अन्न साचून राहिलं तर महिन्याभरात दातावर पांढरे डाग पडायला लागतात, ते कायमचे राहू शकतात, शिवाय हिरड्या सुजून दुखणं वाढतं ते वेगळंच. मऊ ब्रश घ्या, हात हलका ठेवा.

नेलकटर नको, कापलेला तुकडा उडून घशात जाऊ शकतो. डॉक्टरांकडच्या कटरमध्ये तुकडा धरून ठेवायची सोय असते. घरी ब्रेसेससाठीचं मेण वापरायचं: टोचणारी जागा टिशूने कोरडी करा, हरभऱ्याएवढी गोळी वळून तिथे दाबून बसवा, ओल्यावर ते टिकत नाही. तार फारच बाहेर आली असेल तर दवाखान्यात फोन करा.

आणि जास्त दुखलं तर लवकर होतं, हेही खोटं. जोर फार झाला तर दाबाच्या बाजूचा रक्तपुरवठा पार तुटतो, तिथला टिश्यू मरतो आणि शरीर तो साफ करेपर्यंत दात काही आठवडे जागचा हलत नाही. म्हणून तर चांगले ऑर्थोडॉन्टिस्ट हलका जोर लावतात. मुलगी दुखतंय म्हणत असताना ‘सहन कर, लवकर होईल’ म्हणून तिला गप्प बसवू नका.

साधारण असं असतं की तार बदलल्यावर काही तासांत दुखायला लागतं, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, आणि आठवड्याच्या आत उतरतं. आठवडा उलटूनही ठणका तसाच असेल, एकच दात वेगळा दुखत असेल, गाल सुजला किंवा ताप आला, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा.