बस आहे म्हणे!

लेस्टरशायरमधल्या हार्बरो डिस्ट्रिक्टमध्ये राहतो आम्ही, मार्केट हार्बरो आणि लटरवर्थ ही दोन शहरं नि बाकी सगळी शेतं, मेंढ्या, खेडी. मार्केट हार्बरोहून ट्रेनने तासाभरात लंडन, पण आमच्या खेड्यातून त्या स्टेशनला पोचायचं तर जीव मेटाकुटीला येतो! शेवटची बस संध्याकाळी सहाच्या आत, रविवारी तर नाहीच, आणि भाडं 3 पौंडांच्या वर जात नाही हे कौतुकाने सांगतात, अहो पण बस यायला नको का? शेजारच्या आजींचा फ्री पास सोमवार ते शुक्रवार साडेनऊनंतरच चालतो आणि बस नेमकी 9:20 ला, पुढची थेट दोन तासांनी, म्हणजे डॉक्टरची वेळ गाठायला त्या बिचारीने पैसे मोजायचे. चालत जावं म्हटलं तर फुटपाथच नाही, दोन्ही बाजूंनी उंच झुडपांचं कुंपण, गाड्यांना ताशी 60 मैलांची मुभा, ट्रॅक्टर आला की काट्यांत घुसून उभं राहायचं. नवीन घरं मात्र धडाधड उठतायत. त्या लोकांनी जायचं कशाने, घरटी दोन-दोन गाड्या घ्यायच्या का? चीड येते नुसती.