येझदी परत घ्यायची, पण कुठली? रंकाळ्यावरची चर्चा

रविवारी सकाळी कोल्हापुरात रंकाळ्यावर बंड्यानं सांगितलं, की मी परत येझदी मोटरसायकल घेतोय, आणि मग चहा दोनदा झाला तरी कोण उठायला तयार होईना. लिहून काढतोय कारण मला यात काहीतरी म्हणायचंय आणि तिथं ते नीट पूर्ण बोलता आलं नाही.

बंड्याच्या वडलांची रोडकिंग होती, म्हणजे येझदीचंच जुनं मॉडेल. ते उद्यमनगरात फाउंड्रीत होते, दिवसभर वाळू आणि धूर, पण संध्याकाळी गाडी पुसल्याशिवाय जेवायला बसायचे नाहीत. पुढं पेट्रोल परवडेना, पार्ट मिळेनात, म्हणून गाडी विकून शंभर सीसीची मायलेजवाली आणली आणि तेव्हापासून बंड्या मायलेजच्याच गाड्या चालवतोय. आता घराचं कर्ज फिटलं, पोरगी इंजिनिअरिंगला गेली, तर म्हणतो आता माझ्या मनासारखी गाडी.

पांड्या लगेच तुटून पडला. त्याची बुलेट आहे. "कसली येझदी लेका? ती कंपनी १९९६ लाच बंद पडली. आता जे विकतात ते म्हणजे टाकीवर नाव लावलंय नुसतं. जुनीचं इंजिन टू स्ट्रोक, हिचं फोर स्ट्रोक, पाण्यावर थंड होणारं, कारखाना मध्यप्रदेशात पिथमपूरला. तुझ्या बाबांच्या गाडीचा एक नट तरी बसतो का त्याला?"

बंड्या म्हणला, "नट नसंल बसत, पण दोन सायलेन्सर आहेत की."

"दोन सायलेन्सर म्हणजे येझदी होय?"

इथं सर मधे पडले. आमचे सर रिटायर झालेत, त्यांच्याकडं जुनी जावा अडीचशे अजून आहे, त्यामुळं या विषयात सगळे त्यांचं ऐकतात. सर म्हणाले, अरे नाव लावायचं म्हणशील तर तेव्हाही लावलेलंच होतं की. जावा मुळात चेक लोकांची, १९२९ ची प्रागची कंपनी. मैसूरला यादवगिरीत १९६० साली रुस्तम इराणी आणि फारूख इराणी यांनी आयडियल जावा काढली, महाराज जयचामराजेंद्र वडियार यांचं पाठबळ होतं, आणि लायसनवर जावा बनवायला लागले. १९७३ पासून त्याच घराण्यातल्या गाडीच्या टाकीवर येझदी आलं. म्हणून कोण म्हणलं का ही खोटी जावा? आणि २०१८ ला महिंद्राच्या क्लासिक लेजंड्सनं जावा परत आणली, २०२२ च्या जानेवारीत येझदी आणली, त्यात रुस्तम इराणींचा मुलगा बोमन इराणी भागीदार आहेच.

"मग कोर्टात कशाला गेलं प्रकरण?" पांड्याला ते माहीत होतं. हे खरंय. २०२२ च्या डिसेंबरमध्ये कर्नाटक हायकोर्टाच्या न्यायमूर्तींनी निकाल दिला होता, की येझदी हे नाव बंद पडलेल्या आयडियल जावाचं आहे, म्हणजे ते बंद कंपनीची मालमत्ता निकालात काढणाऱ्या लिक्विडेटरकडं जातं, आणि मग त्याच्यावर अपील झालं. सर म्हणाले, नाव कुणाचं ते कोर्ट बघंल, गाडी कुणाची ते आपण बोलूया.

मला नेमकं हेच म्हणायचं होतं.

१९९६ ला कारखाना बंद झाला. का झाला ते सगळ्यांना माहीत आहे, १९८५ ला हिरो होंडाची सीडी हंड्रेड आली आणि लोकांनी मायलेज बघायला सुरुवात केली, टू स्ट्रोकच्या धुरावर नियम कडक व्हायला लागले, कारखान्यात कामगारांचे वाद झाले. तिथनं २०१८ पर्यंत बावीस वर्षं या गाडीला कंपनीच नव्हती. शोरूम नाही, सर्व्हिस सेंटर नाही, पार्टचं कॅटलॉग नाही. तरी कोल्हापुरात, सांगलीत, बेळगावात या गाड्या रोज रस्त्यावर होत्या, गवळ्यांचे कॅन बांधून होत्या, उसाच्या फडापर्यंत जात होत्या. हे कुणी केलं? आपल्या उद्यमनगरातल्या लेथवाल्यांनी केलं. बुश झिजला की घरी टर्न करून द्यायचे, बोअर करून ओव्हरसाईज पिस्टन बसवायचे, नसलेला पार्ट जुन्या पार्टच्या मापावरनं बनवायचे, आणि जे इथं जमायचं नाही ते पुण्याच्या नाना पेठेतनं आणायचे. कित्येक मिस्त्रींनी तर बावीस वर्षांत दुसऱ्या गाडीला हातच लावला नाही. कंपनीनं जाहिरातीत लिहिलं होतं फॉरएव्हर बाईक, फॉरएव्हर व्हॅल्यू, ते या माणसांनी खरं केलं, तेही कंपनीकडनं एक रुपया न घेता. म्हणून माझं मत असं, की परत येझदीकडं यायचं तर आधी या माणसांकडं यायचं, गाडी त्यांना विचारून घ्यायची.

पांड्या म्हणला, बुलेटला हे कधी करावं लागलं नाही, मद्रासला १९५५ पासून चालूय, एक दिवस बंद नाही. तेही पूर्ण खरं नाही, २००० साली बुलेटची मालक असलेल्या आयशर कंपनीनं बुलेटचा धंदा बंद करायचं जवळजवळ ठरवलं होतं आणि मालकांचा मुलगा सिद्धार्थ लाल यांनी मुदत मागून घेतली म्हणून ती वाचली. मी सांगितलं तसं तो जरा गप्प झाला. बुलेटवर माझा काही राग नाही, चांगली गाडी आहे, पण कंपनी चालू असताना गाडी सांभाळणं आणि कंपनी बंद पडल्यावर सांभाळणं यात फरक आहे आणि तो मान्य करायला पाहिजे.

मग बंड्यानं जे सांगितलं ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मागच्या महिन्यात त्यानं मावसभावाची रोडकिंग मागून घेतली होती, नुसतं पन्हाळ्यापर्यंत जाऊन येतो म्हणून. वाघबीळच्या चढाला गाडीनं मान टाकली. किक मारून मारून पाय दुखला. तेवढ्यात मागनं एक काका आले, त्यांचीपण येझदी, बाजूला दुधाचा रिकामा कॅन. न विचारताच थांबले. साईडबॉक्समधनं प्लगपाना काढला, प्लग बाहेर काढला तर काळाकुट्ट आणि ऑईलनं ओला. पॉलिश पेपरचा बोटभर तुकडा होता त्यांच्याकडं, त्यानं टोक घासलं, फुंकर मारली, बनियनच्या तुकड्यानं पुसलं आणि बसवला. मग विचारलं, "पेट्रोलमध्ये ऑईल किती घालतोस?" बंड्या म्हणला, अंदाजानं. काका म्हणाले, "अंदाजानं नको. लिटरला चाळीस मिलीच्या वर जाऊ नको, चढाला प्लग शॉर्ट होतो." गिअरचीच दांडी आत दाबून वर उचलली की ती किक होते, हे बंड्याला लहानपणी बाबांनी शिकवलेलं, पण काकांनी ती अशी उचलली आणि मारली की पहिल्या किकला गाडी चालू, आणि तीच दांडी पुढं आणून फर्स्ट टाकला. म्हणाले, क्लचची वायर तुटली तरी घाबरू नको, हिला क्लच न दाबता गिअर पडतो, घरापर्यंत येशील.

आणि नुसतं एवढंच करून ते गेले नाहीत. "चल वर, आपली माणसं थांबलीत" म्हणून घेऊन गेले. पन्हाळ्यावर नाक्याच्या अलीकडं रविवारी हे लोक जमतात. बंड्या म्हणतो कुणी कुणाला विचारत नाही काय करतोस, विचारतात कुठल्या सालची. एक रिटायर पोस्टमन, दोन भाऊ वेल्डिंगवाले, एक वकील, एक कॉलेजची पोरगी नवी तीनशे चौतीस सीसीची घेऊन आलेली. तिच्या गाडीला कुणी नावं ठेवली नाहीत. उलट एक म्हातारे खाली बसून तिच्या गाडीचा रेडिएटर बघत होते, कुठनं पाणी फिरतं, पंखा कधी लागतो, आणि ती त्यांना दाखवत होती. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा डे असतो तेव्हा भर पावसात पन्नाशीतली माणसं रेनकोट घालून येतात म्हणे, त्या दिवशी बंड्यालापण यायला सांगितलंय.

पांड्यानं विचारलं, मग ती पोरगी त्या लोकांत बसली ना, म्हणजे नवीन गाडीपण चालते. मी म्हणलं चालते, कोण नाही म्हणतंय. रोज गडहिंग्लजला अप-डाऊन असेल, रात्री आंबोली उतरायची असेल तर नवीनच घे, एबीएस आहे, लाईट चांगली आहे, पावसाळ्यात ब्रेकला भरवसा आहे. बंड्याची पोरगीपण हेच म्हणतेय. पण बंड्याला रोजची गाडी आहेच. त्याला जे पाहिजे ते जुन्या गाडीतच आहे, आणि त्या गाडीबरोबर मिस्त्रीच्या दारात तासन् तास बसणं, इग्निशनचे पॉइंट घासणं, सायलेन्सर काढून आतला कार्बन जाळणं, हे सगळं येतं. ते करायची तयारी असेल तरच जुनी घ्यावी. नुसतं स्टेटसला फोटो टाकायला घ्यायची असेल तर नको, कारण आता रिस्टोअर केलेल्या चांगल्या रोडकिंगचे लाखाच्या पुढं बोलतात आणि हे भाव वाढवले कुणी, तर ज्यांना चालवायची नाही अशांनी. हॉटेलच्या दारात शोसाठी उभी केलेली, टाकीत थेंब नसलेली जावा बघितली की मला खरंच वाईट वाटतं. कुठल्यातरी मिस्त्रीनं ती वीस वर्षं चालती ठेवलेली असते.

सरांचं म्हणणं कागद आधी बघ. पंधरा वर्षं झालेली गाडी म्हणजे आरटीओत परत पासिंग, पर्यावरण कर, आणि इंजिन नंबर आरसीशी जुळला नाही तर कितीही चांगली असली तरी सोडून द्यायची. बऱ्याच गाड्यांची इंजिनं मधल्या काळात बदललेली आहेत, त्यात फसवणूक असतेच असं नाही, तेव्हा मिळेल ते बसवून गाडी चालू ठेवली गेली.

शेवटी ठरलं ते असं. वाघबीळच्या काकांच्या ओळखीनं गारगोटीकडं एक रोडकिंग आहे, मालक एकच, गाडी गोठ्याशेजारी झाकून ठेवलेली, आरसी घरात आहे म्हणतात. पुढच्या रविवारी बघायला जायचं. काका स्वतः येणार आहेत, आवाज ऐकून सांगतो म्हणाले. सर कागद बघणार. इंजिन नंबरवर ग्रीस आणि माती बसलेली असणार, तर वायरब्रश आणि रॉकेल पांड्या घेऊन येतोय, आणि बुलेटवरनंच येतोय.