'ल' या एका अक्षरावरून

ठाण्या-पनवेलच्या आपल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, माणसांत पुन्हा तोच वाद चाललाय. एक बाजू म्हणते, तेहिल्लीमची, म्हणजे हिब्रू बायबलातल्या स्तोत्रसंग्रहाची, १५० गीतं दावीद राजानेच रचली, शंका घेईल तो पाखंडी. दुसरी म्हणते, दावीदचं एकही सिद्ध होत नाही, मग म्हणायची कशाला? इथे इस्राएलमधल्या लोदमध्ये हे वाचून संताप येतो. दोन्हीकडच्यांनी शीर्षकंच पाहिलेली नाहीत.

७३ गीतांवर 'लदावीद' आहे, म्हणजे दावीदच्या नावाआधी 'ल'. आसाफाची १२, कोरहाच्या मुलांची ११, मोशेचं एक, ९०वं. कित्येकांवर नावच नाही. तालमूद हा रब्बींचा जुना ग्रंथही दावीदबरोबर दहा वडीलधाऱ्यांना धरतो. त्यालाही पाखंडी म्हणणार का?

गाडं अडतं 'ल'पाशी. त्याचा अर्थ 'चे' होतो, 'ला' होतो, 'साठी'ही होतो. ७२व्यावर दावीदचा मुलगा शलमोन याच्या नावाला हाच 'ल' आहे, आत राजासाठी आणि राजपुत्रासाठी मागणं आहे, आणि शेवटी 'दावीदच्या प्रार्थना संपल्या'. मग ते शलमोनाचं की शलमोनासाठी? शिवाय 'संपल्या' म्हटल्यावरही ८६, १०१, १०३ वर दावीद परत येतोच, कारण आधीचे छोटे संग्रह जोडत हे पाच भाग झाले. १३७व्यात तर बाबेलच्या नद्या आहेत, आपले लोक तिथे बंदिवासात होते तेव्हाच्या. दावीद जाऊन तेव्हा चारेकशे वर्षं झाली होती.

'तुका म्हणे' ओळीतच ओवलेलं असतं. काढलं तर अभंग लंगडतो. तेहिल्लीमचं नाव माथ्यावर, ओळीबाहेर. म्हणून आतला 'मी' मोकळा आहे, म्हणेल त्याचा होतो. ८८वं हेमानाचं. त्याचा शेवटचा शब्द अंधार आहे, दिलाशाची ओळ तिथे शोधू नका. रात्रभर आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्याला तेच पुरतं.

इथे बसमध्ये, मिक्लातमध्ये, म्हणजे हल्ल्यावेळच्या आसऱ्याच्या खोलीत, लोक तेहिल्लीमची छोटी पुस्तिका उघडतात. रविवारी १ ते २९, सोमवारी ३० ते ५०, शब्बाथला, म्हणजे शनिवारी, १२० ते १५०. कर्ता कोण, हे त्या वेळी कुणी विचारत नाही. तुम्ही फोनवरून साथ देता तेव्हा एक गफलत हमखास होते: हिब्रूत पुष्कळदा शीर्षकालाही ओळीचा क्रमांक असतो, मराठी बायबलमध्ये नसतो. ५१व्याच्या हिब्रूत २१ ओळी, मराठीत १९. तुमची पहिली ती आमची तिसरी. आधी क्रमांक जुळवा, मग कर्त्यावरून भांडा.

म्हणाल, देश सोडून गेलेल्यांनी शिकवू नये. पण अलिबागजवळच्या नौगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून लागलेल्या आपल्या पूर्वजांपाशी, परंपरा सांगते, पोथ्या उरल्या नव्हत्या, फक्त शेमा, 'हे इस्राएल, ऐक' ही प्रार्थना, उरला होता. त्यावर त्यांनी पिढ्या काढल्या. आमच्या हाताशी आता सगळी १५० आहेत, तीही त्यांच्याच भूमीत. तरी 'परक्या भूमीत परमेश्वराचं गीत कसं गावं' ही १३७व्यातली ओळ आली की डोळ्यांपुढे बाबेल येत नाही, रेवदंड्याची खाडी येते.