एक्स-रे स्वच्छ होता, मग सीटी कशाला?

नमस्कार दादा,

तुम्ही लिहिलंत, "ब्लड कॅन्सरच्या माणसाला ताप येणारच. आमच्या मेहुण्याचा एक्स-रे स्वच्छ असताना सीटी आणि फुफ्फुसाची दुर्बीण करायला लावली, आणि तुम्हीही लेखात त्याचीच तळी उचलता." तुमचा राग मला समजतो. केमोच्या खर्चात घर आधीच पिचलेलं असतं. तरी एक्स-रे स्वच्छ असला तरी अशा तापात सीटी आणि दुर्बीण लागू शकते, हे लेखातलं माझं म्हणणं मी मागे घेणार नाही.

न्यूमोनियाचा पांढरा डाग उमटतो तो मुख्यतः जंतूंशी लढायला जमलेल्या पेशींमुळे आणि पाण्यामुळे. केमोनंतर न्यूट्रोफिल, म्हणजे याच लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, 500च्याही खाली जातात. लढायलाच कोणी नाही, तर डाग कुठून पडणार? म्हणून अशा पेशंटचा स्वच्छ एक्स-रे बघून मला धीर येत नाही. सीटीत बिघाड आधी दिसतो.

गुऱ्हाळावर राबणारे एक काका आले होते. ताप 101, खोकला नावाला. खाटेवर बसून ऑक्सिजन 95. वॉर्डाच्या दारापर्यंत चालवून परत आणलं, तर 86. एक्स-रेत काही नाही. सीटीत दोन्ही फुफ्फुसांवर पन्हाळ्यावरच्या पावसाळी धुक्यासारखं पसरलेलं. दुर्बिणीतून फुफ्फुस धुऊन काढलेल्या पाण्यात न्यूमोसिस्टिस सापडली. आहे बुरशीच, पण बुरशीची नेहमीची औषधं तिला लागू पडत नाहीत, कोट्रायमॉक्सॅझोल मोठ्या डोसात द्यावं लागतं. कुजक्या चिपाडात वाढणारी अ‍ॅस्परजिलस ही दुसरी बुरशी निघाली असती तर औषध वेगळं, टीबी असता तर आणखी वेगळं. शिवाय दम लागायला जंतूच हवेत असंही नाही. पांढऱ्या पेशी लाखावर गेल्या की बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, प्लेटलेट घसरल्या की फुफ्फुसात रक्त उतरू शकतं, कधी केमोच्या औषधानंच हृदय थकतं.

अँटिबायोटिक मात्र यातल्या कशासाठीच थांबवत नाहीत. रक्ताचं कल्चर घ्यायचं आणि तासाभरात पहिला डोस द्यायचा.

दुर्बीण कशासाठी, हे तुम्हाला कुणी समजावलंच नाही, ही तुमची तक्रार शंभर टक्के रास्त आहे. प्लेटलेट किती, ऑक्सिजन किती, त्यात दुर्बीण झेपेल का, हे सही घेण्याआधी घरच्यांना बसवून सांगायलाच हवं होतं.

मेहुण्यांचं पुढचं केमो झालं की त्यांना गुऱ्हाळाकडे, चिपाडाच्या ढिगाकडे फिरकू देऊ नका. आणि ताप एकदा जरी 101 झाला, किंवा 100.4 वर तासभर टिकला, तर पॅरासिटॅमॉल देऊन सकाळची वाट बघू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढा.