खुलासा : 'फार्गो' सत्यघटनेवर नाही

सांगलीतल्या आपल्या सिनेमाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : 'फार्गो' हा अमेरिकन सिनेमा म्हणजे खरी घडलेली गोष्ट आहे, त्यातल्या खुनांवर हसणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे. हे चुकीचं आहे. सुरुवातीला 'सत्यकथा, मिनेसोटा, १९८७' अशी पाटी येते, त्यामुळे गैरसमज होणं साहजिकच. पण श्रेयनामावली शेवटपर्यंत बघा, पात्रं काल्पनिक असल्याचं तिथेच लिहिलंय. लाकडाचा भुगा करणाऱ्या यंत्राचा भाग मात्र अमेरिकेतल्याच कनेटिकटमधल्या १९८६च्या खुनावरून सुचलेला. हा सिनेमा करणाऱ्या कोएन बंधूंना ऑस्करही मिळालं ते स्वतंत्र पटकथेचं. सिनेमा संथ वाटला, आवडला नाही, असं खुशाल म्हणा. हसणाऱ्यांना निर्दयी मात्र म्हणू नका. खुनांचा तपास करणारी गरोदर पोलीस अधिकारी मार्ज बर्फात वाकते तेव्हा ती पुरावा शोधत नाहीये, तिला मळमळतंय, हे कळल्यावर हसू फुटतंच.