राजीनामा, नवा आदेश आणि ८० दिवस : एका सचिवसाहेबांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सचिवसाहेब, नमस्कार.

शाळा बदलणाऱ्या शिक्षिकांच्या प्रसूती रजेवर मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. इतरांसाठी थोडक्यात सांगते. तुमची विनाअनुदानित संस्था, दोन शाळा. यंदा जूनमध्ये एक बाई रुजू झाल्या आणि ऑगस्टमध्ये त्यांनी बाळंतपणाची ऑक्टोबरअखेरची तारीख सांगितली. तुमचं म्हणणं असं : पहिल्याच वर्षी भरपगारी रजा कसली? आधीच्या शाळेतले दिवस आम्ही का मोजायचे? एप्रिलअखेर करार संपतो, तिथं रजाही संपली. मुलाखतीत गरोदरपण लपवणं ही लबाडी आहे आणि मी तिला खतपाणी घालते. शिवाय महिना १८,००० प्रमाणे सहा महिन्यांचे १,०८,००० रुपये कोण देणार, 'फुकटचे सल्ले देणारे देणार का?'

टोमण्याचं काही वाटलं नाही. शाळेच्या कार्यालयात पगारपत्रकं आणि सेवापुस्तिका लिहिण्यात माझी नोकरी गेली. संस्थाचालकांचं याहून कडू ऐकलंय, तेही त्यांचाच चहा पीत.

पण तुमच्या प्रतिक्रियेत एक वाक्य कंसात आहे : 'बाई आमच्याच दुसऱ्या शाखेतून राजीनामा देऊन आल्या होत्या.' तुम्ही ते जाता जाता लिहिलंत. माझ्या मते सगळं प्रकरण त्या कंसात आहे.

कायद्याची अट बघा. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात ती होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तशीच आहे. ज्या मालकाकडे लाभ मागायचा, त्या मालकाच्या आस्थापनेत, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत, किमान ८० दिवस प्रत्यक्ष काम केलेलं असावं. म्हणजे मोजणी रुजू झाल्याच्या तारखेपासून पुढे होत नाही, बाळंतपणाच्या तारखेपासून मागे होते. आणि बघायचा तो मालक, शाळेच्या दारावरची पाटी नाही. तुमच्या दोन शाळांचे मुख्याध्यापक वेगळे, इमारती वेगळ्या, गणवेशही वेगळे असतील. नेमणुकीच्या आदेशावर सही मात्र दोन्हीकडे तुमचीच ना?

आता या बाईंचा हिशोब. ऑक्टोबरअखेरपासून १२ महिने मागे गेलं की गेल्या वर्षीचा ऑक्टोबरअखेर येतो. नोव्हेंबर ते एप्रिल त्या तुमच्याच पहिल्या शाळेत शिकवत होत्या. दिवाळीची सुट्टी सोडून द्या, रविवार सोडून द्या, तरी ८० दिवस एप्रिलच्या कितीतरी आधी भरतात. जूनपासूनचे दिवस मोजायची वेळच येत नाही.

तुम्ही म्हणाल, मध्ये राजीनामा आहे. साहेब, असे राजीनामे माझ्या टेबलावरून गेले आहेत. 'वैयक्तिक कारणास्तव' हा मजकूर आधीच टाइप केलेला, नावाची आणि तारखेची जागा रिकामी. नाव बाईंच्या अक्षरात, तारीख कार्यालयाच्या अक्षरात. सोबतच्या पाकिटात जूनचा नवा आदेश तयार असतो, फक्त जावक क्रमांक टाकायचा राहिलेला. सेवा सलग दिसू नये, वेतनवाढ, ग्रॅच्युइटी, कायमपणाचे प्रश्न उठू नयेत, म्हणून हे चालतं. तुमच्याकडचा राजीनामा असा नसेलही. पण तो अगदी मनापासून दिलेला असला तरी ८० दिवसांच्या अटीला त्यानं फरक पडत नाही. अट सलग सेवेची नाहीच. १२ महिन्यांत त्या मालकाकडे केलेले कामाचे दिवस, एवढंच ती विचारते.

घटकाभर धरून चालू की त्या दुसऱ्याच संस्थेतून आल्या. मग तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. जुन्या मालकाकडचे दिवस नव्या मालकाच्या हिशोबात येत नाहीत, पाटी कोरी. मूळ लेखात मी हेच लिहिलं होतं, त्यावर काही शिक्षिका माझ्यावर रागावल्याही. पण कोऱ्या पाटीवरही ८० चा आकडा फार लांब नसतो. जूनच्या मध्यावर सोमवारी रुजू झालं आणि आठवडा सहा दिवसांचा असला, तर १३ आठवड्यांत ७८ दिवस भरतात. चौदाव्या आठवड्याच्या मंगळवारी ८०. म्हणजे सप्टेंबरचा मध्य. पाच दिवसांच्या आठवड्याला बरोबर १६ आठवडे. कायद्यानं भरपगारी ठरवलेल्या सुट्ट्या कामाच्या दिवसांत धरतात. शाळेची लांब सुट्टी धरायची का यावर भांडण होऊ शकतं, म्हणून मी ती सोडूनच मोजते.

इथं शिक्षिकांनी एक लक्षात ठेवावं, साहेबांनी क्षणभर थांबावं. २६ आठवड्यांपैकी जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात, घ्यायलाच हवेत असं नाही. जूनमध्ये नव्या संस्थेत रुजू होऊन तारीख ऑक्टोबरअखेरची असेल आणि आठ आठवडे आधीच रजेवर गेलात, तर सप्टेंबरच्या सुरुवातीला हजेरी सत्तरच्याही आत भरते. तब्येत साथ देत असेल तर दोन-अडीच आठवडे थांबा. आधी न घेतलेले आठवडे बुडत नाहीत, नंतर मिळतात. २६ चे २६ राहतात. दोन मुलं हयात असतील तर मात्र २६ च्या जागी १२ आठवडे, त्यातले आधी सहाच.

रजेतला पगार रजेवर जाण्याआधीच्या तीन महिन्यांच्या सरासरीनं निघतो. नव्या संस्थेत पगार वाढला असेल तर फायदा, कमी झाला असेल तर तोटा. खासगी शाळा सोडून शिक्षण सेवक म्हणून लागणाऱ्यांनी हे आधी मनात धरावं. तिथं पहिली तीन वर्षं मानधन असतं, प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,०००, उच्च माध्यमिकला २०,०००.

कराराचं. तुमचा करार एप्रिलअखेर संपतो आणि जूनमध्ये नवा होतो, म्हणून रजाही एप्रिलला संपली असं तुम्ही धरता. मुळात ऑक्टोबरच्या सुरुवातीला रजा लागली तर २६ आठवडे एप्रिलच्या सुरुवातीलाच संपतात, तुमचा करार त्यानंतरही चालूच असेल. पण जानेवारीत रजेवर जाणाऱ्या शिक्षिकेला हा प्रश्न खराच पडतो. तिच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा १७ ऑगस्ट २०२३ चा निकाल आहे. दिल्लीतल्या एका रुग्णालयातल्या कंत्राटी डॉक्टर १ जूनपासून रजेवर गेल्या, ११ जूनला कंत्राट संपलं आणि त्यांना ११ दिवसांचेच पैसे देऊ केले गेले. न्यायालयानं सांगितलं की ८० दिवसांची अट पुरी झाली असेल तर लाभ कंत्राटाच्या मुदतीपलीकडेही द्यावा लागतो. कंत्राट संपल्यानं लाभ संपत नाही. म्हणूनच शिक्षिकांना माझं सांगणं असतं की मुदत संपू दे, घाईनं राजीनाम्यावर सही करू नका. त्या दोन कागदांत फार फरक आहे. आणि आदेशातलं 'पहिल्या वर्षी प्रसूती रजा अनुज्ञेय नाही' हे कलम? कायद्यापेक्षा जास्त देणारा करार चालतो. कमी देणारा चालत नाही, मग खाली बाईंची सही असो वा नसो.

लबाडीच्या आरोपावर मी थोडी तापले, ते कबूल. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेलं एक प्रकरण सांगते. आयुर्विमा महामंडळात परिविक्षेवर (प्रोबेशनवर) लागलेल्या एका बाईंनी अर्जातल्या रकान्यात गरोदरपण सांगितलं नव्हतं. रजेवर असतानाच त्यांना कमी केलं गेलं. न्यायालयानं त्यांना परत कामावर घ्यायला लावलं आणि वर महामंडळाला बजावलं की पाळीच्या तारखा आणि मागची बाळंतपणं विचारणारे असले रकाने अर्जातून काढून टाका. तुमच्या मुलाखतीत बाईंना 'लग्नाला किती वर्षं झाली? काही विचार आहे का पुढचा?' असं विचारलं गेलं, हे तुम्हीच लिहिलंय, वर 'साधी चौकशी' म्हणून. पुरुष उमेदवाराला ही साधी चौकशी कधी झाली? जो प्रश्न विचारायलाच नको होता, त्याचं उत्तर दिलं नाही म्हणून लबाड ठरवणं म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा.

अनुदानित आणि जिल्हा परिषदेच्या शाळांबद्दल तुम्ही ओघात 'तिकडे सगळी मजाच' असं म्हटलंय. रजा १८० दिवसांची आणि बदलीनं सेवा तुटत नाही, हे खरं. आंतरजिल्हा बदलीत ज्येष्ठता तळाला जाते, सेवा जात नाही. मजा मात्र कागदावरच. कार्यमुक्तीचा आदेश आला, अंतिम वेतन प्रमाणपत्र आलं नाही, सेवापुस्तिका जुन्या तालुक्यात अडकली, पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत, शालार्थमध्ये, नाव अजून जुन्याच शाळेत. रजा मंजूर असूनही पगार महिनोन्‌महिने निघत नाही. बदलीच्या वर्षात बाळंतपण असेल तर सेवापुस्तिकेची झेरॉक्स स्वतःजवळ ठेवावी आणि रजा मंजुरीची नोंद त्यात झालेली डोळ्यांनी बघावी.

आता पैशांचं, कारण तुमचा खरा राग तिथं आहे आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही. छोट्या संस्थेला १,०८,००० रुपये ही रक्कम जड जाते. बदली शिक्षिकेचा पगार वेगळाच. शिवाय बाळंतपणाआधीच्या आणि नंतरच्या देखभालीची मोफत सोय मालकानं केलेली नसेल तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनसही आहे. मालकानंच सगळा भार उचलायचा हा कायद्याचा ढाचा मलाही पटत नाही. त्यामुळे तरुण बाईला नोकरीच देऊ नये असं संस्थांना वाटू लागतं. पण ते भांडण सरकारशी मांडा, वर्गात उभ्या असलेल्या बाईशी नको.

आणि एक रस्ता तुमच्या हातात आहे, ज्याचा तुमच्या प्रतिक्रियेत उल्लेखच नाही. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना ते लागू पडतं. मालकाचा हिस्सा सव्वातीन टक्के, कर्मचाऱ्याचा पाऊण टक्का. १८,००० वर तुमचे महिन्याला ५८५ रुपये आणि बाईंचे १३५. मग प्रसूतीच्या २६ आठवड्यांचे पैसे ईएसआय महामंडळ देतं, संस्थेला एक पैसा द्यावा लागत नाही. शाळा बदलणारीला याचा आणखी एक फायदा आहे. तिथं अट अशी की आधीच्या दोन सहामाहींत मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी. कुठल्या मालकानं भरली हे बघत नाहीत, विमा क्रमांक बाईंबरोबर येतो. ऑक्टोबरमधल्या बाळंतपणासाठी बघतात त्या सहामाही मार्चअखेर संपलेल्या. म्हणजे जूनमध्ये नव्या शाळेत आलेल्या बाईंना जुन्या शाळेच्याच वर्गणीवर लाभ मिळतो. मालकाकडच्या ८० दिवसांच्या अटीनं जी पाटी कोरी केली, ती इथं भरलेली असते.

तेव्हा पहिलं काम, तुमच्या दोन्ही शाळांची ईएसआय नोंदणी आहे का ते लेखनिकाला बघायला सांगा. असेल तर पहिल्या शाळेत बाईंची वर्गणी गेल्या मार्चपर्यंत भरली गेली का तेही बघा. कापून घेतली आणि भरली नाही, असंही मी पाहिलंय. नोंदणीच नसेल तर देणं संस्थेचं. बाळंतपणाआधीच्या आठवड्यांचे पैसे गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ द्यायचे असतात, उरलेले प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत. तारीख ऑक्टोबरअखेरची आहे, हे तुम्हीच सांगितलंय. सप्टेंबरच्या पगारपत्रकाबरोबरच रजामंजुरीची टिप्पणी तयार करायला लावा.